वाचकांचे प्रश्न : भविष्य दिसणाऱ्या माणसाचा झाकलेला भूतकाळ

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे बेनेडिक्ट जॅका या ब्रिटिश लेखकाच्या अ‍ॅलेक्स व्हेरस मालिकेविषयीची आहेत, म्हणून हे पान त्याच मालिकेला दिले आहे. आजच्या लंडनमध्ये घडणाऱ्या या मालिकेचा नायक अ‍ॅलेक्स हा भविष्य दिसणारा जादूगार आहे, आणि मालिकेत एकूण 12 कादंबऱ्या आहेत. पहिली, 'फेटेड', 2012 साली आली आणि शेवटची, 'रिझन', 2021 साली. पहिल्या उत्तरात चौथ्या कादंबरीतले मुख्य रहस्य उघड होते. ज्यांना ते स्वतः वाचून कळायला हवे असेल त्यांनी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करावी.

प्रश्न : मी पहिल्या दोन कादंबऱ्या वाचल्या. गोष्ट अ‍ॅलेक्स स्वतःच सांगतो, पण स्वतःच्या तरुणपणाचा विषय निघाला की तो हात राखून बोलतो. 'मी' म्हणून बोलणाऱ्या माणसाने वाचकापासून माहिती दडवणे ही लेखकाने केलेली फसवणूक नाही का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, पण अ‍ॅलेक्स नेमके काय दडवतो ते एकदा तपासून पाहावे असे मला वाटते. रिचर्ड ड्राख नावाच्या 'डार्क' जादूगाराकडे आपण शिष्य होतो, आपल्यासह चौघे तिथे शिकत होते आणि अखेरीस आपण तिथून पळून आलो, हे तो 'फेटेड'मध्येच सांगतो. डार्क जादूगारांचा रोकडा न्याय बळी तो कान पिळी असा आहे आणि त्यांच्यात शिष्य हा गुरूच्या मालकीचाच समजला जातो, हेही वाचकाला तिथेच कळते. सुटून आलेल्या अ‍ॅलेक्सला 'लाइट' पंथाच्या, म्हणजे डार्क जादूगारांच्या विरोधातल्या गटाच्या, कौन्सिलने आसरा दिला नाही, याची सल तर तो वारंवार बोलून दाखवतो. म्हणजे आपल्यावर काय गुदरले ते सांगायला त्याने फारसे आढेवेढे घेतलेले नाहीत. त्याची जीभ अडखळते ती आपण काय केले हे सांगण्याच्या जागी.

आपल्या गतायुष्याविषयी बोलणारी माणसेही बहुधा याच क्रमाने बोलतात. सोसलेले आधी सांगितले जाते. आपल्या हातून घडलेले वर्षानुवर्षे ओठांवर येत नाही, आणि आले तरी कोणीतरी दारात येऊन जाब विचारल्यावरच येते. 2013 साली आलेल्या 'चोझन' या चौथ्या कादंबरीत नेमके हेच घडते. तरुण अ‍ॅडेप्ट मंडळींचा (म्हणजे ज्यांना जादूचा एकच प्रयोग साधतो अशा लोकांचा) एक गट अ‍ॅलेक्सच्या जिवावर उठतो. रिचर्डच्या हुकमावरून ज्या मुलीच्या अपहरणात अ‍ॅलेक्सने भाग घेतला होता आणि जी पुढे जिवानिशी गेली, तिचा भाऊ या गटाचा म्होरक्या असतो. त्याचा राग खरा आहे आणि त्याची माहितीही खरी आहे. तीन पुस्तके अ‍ॅलेक्सच्या बाजूने उभा राहिलेला वाचक इथे थबकतो, कारण मारायला आलेल्यांच्या तोंडी असलेला आरोप त्याला खोडून काढता येत नाही.

हीच हकीकत पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात आली असती तर आपण अ‍ॅलेक्सला एका परिच्छेदात दोषी ठरवले असते किंवा एका परिच्छेदात माफ केले असते, आणि पुढे निघालो असतो. आता तसे करता येत नाही, कारण मधल्या काळात त्याने लूनाला, म्हणजे घराण्याच्या शापात अडकलेल्या आपल्या तरुण मैत्रिणीला, कसे सांभाळले ते आपण जवळून पाहिलेले असते. त्याहून जड जाते ते त्याचे पुढचे वागणे. तो समेटाचा प्रयत्न करतो, पळ काढतो, आणि हे सारे उपाय संपल्यावर त्या मुलांना सापळ्यात ओढून त्यातल्या बहुतेकांना मारून टाकतो. त्याचे काही जवळचे मित्र यानंतर दुरावतात आणि तो दुरावा पुढच्या पुस्तकातही टिकतो. जॅकाने इथे नायकाला सोयीची पळवाट ठेवलेली नाही, आणि माझ्या मते संपूर्ण मालिका याच एका निर्णयावर उभी आहे.

एक दोष मात्र मी मान्य करतो. दुसऱ्या कादंबरीत, म्हणजे 'कर्स्ड'मध्ये, भूतकाळाचा धागा जवळजवळ जागचा हलत नाही, त्यामुळे अ‍ॅलेक्स विषय टाळतो आहे की लेखकच विसरला आहे, असा संशय येऊ शकतो. आपली शंकाही तिथेच पक्की झाली असावी. तरीही आपण चौथ्या पुस्तकापर्यंत जावे, आणि ते संपल्यावर 'फेटेड'मधले मुखवटा घातलेल्या डिलिओचे प्रसंग पुन्हा काढून वाचावेत. ती अ‍ॅलेक्सच्याच बरोबरीने रिचर्डकडे शिकलेली रेचल आहे हे ठाऊक असताना, त्या दोघांच्या साध्या वाक्यांतही किती गोष्टी बोलायच्या राहून गेल्या आहेत ते जाणवते.

प्रश्न : ज्याला पुढचे दिसते त्या नायकाच्या गोष्टीत उत्कंठा कशी टिकणार?

उत्तर : अ‍ॅलेक्सला एक ठरलेले भविष्य दिसत नाही, आत्ताच्या क्षणापासून फुटणाऱ्या असंख्य शक्यता दिसतात, आणि त्यांतली कोणती खरी होईल हे अजून ठरायचे असते. आकड्यांच्या कुलपापुढे उभे राहून तो एकेक आकडा दाबून पाहण्याची भविष्ये मनातल्या मनात चाळतो आणि ज्या भविष्यात दार उघडते त्यातला आकडा उचलतो. कुलूप स्वतःचा विचार बदलत नाही, म्हणून हे जमते. समोर माणूस आला आणि त्याचाच निर्णय अजून झालेला नसला, की त्या जागी शक्यतांना इतके फाटे फुटतात की सगळे धूसर होते. जितके लांबचे पाहावे तितके ते अधिकच विरळ होत जाते. शिवाय त्याला आग फेकता येत नाही, ढाल उभी करता येत नाही आणि झालेली जखमही भरून काढता येत नाही. आपल्याहून कितीतरी बलाढ्य जादूगारांमध्ये निव्वळ माहितीच्या जोरावर तग धरणारा हा माणूस आहे, आणि गोळी कुठून येणार हे कळल्यावरही तिथून हलायला त्याच्याकडे वेळ उरला आहे का, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक प्रकरणात शिल्लक असतो.

या शक्तीची दिशा एकच आहे, हेही लक्षात घ्यावे. ती पुढचे दाखवते. झालेले बदलायला तिचा काडीचाही उपयोग नाही. 'चोझन'मध्ये तो बोलणी यशस्वी होतील असे भविष्य शोधत राहतो, ती पाने म्हणूनच इतकी चटका लावतात.

प्रश्न : जिम बुचर यांची 'ड्रेस्डेन फाइल्स' आधी वाचावी की ही?

उत्तर : 'ड्रेस्डेन फाइल्स' ही हॅरी ड्रेस्डेन या जादूगाराची कादंबरी-मालिका 2000 साली 'स्टॉर्म फ्रंट'ने सुरू झाली, ती शिकागोमध्ये घडते आणि तिच्या नायकाच्या मागेही गुरूशी जोडलेला काळा भूतकाळ आहे: हॅरीने आपल्या गुरूला जादूने मारले आहे. पण हॅरीने स्वतःचा जीव वाचवताना ते केले, त्यामुळे वाचकाची सहानुभूती ढळत नाही. अ‍ॅलेक्सच्या बाबतीत ती ढळते, आणि म्हणून मला व्हेरस मालिका अधिक धाडसी वाटते. 12 पुस्तकांत ती पूर्ण झाली आहे ही आणखी एक जमेची बाजू. क्रम कोणताही ठेवावा, पण 'स्टॉर्म फ्रंट' आधी वाचलेत तर एक छोटा आनंद पदरी पडेल. शिकागोमध्ये कोणी एक जण फोनच्या डिरेक्टरीत जादूगार म्हणून जाहिरात देतो अशी ऐकीव गोष्ट अ‍ॅलेक्स 'फेटेड'मध्ये सांगतो. तो जण म्हणजे हॅरीच, आणि एका लेखकाने दुसऱ्याला केलेला तो मनापासूनचा नमस्कार आहे.

प्रश्न : माझी मुलगी 13 वर्षांची आहे. तिला ही पुस्तके द्यावीत का?

उत्तर : पहिली दोन द्यायला हरकत नाही. तिसऱ्यापासून हिंसा वाढते, आणि चौथ्यातली नैतिक कोंडी समजायला थोडे वय हवे. ते पुस्तक तिने दोनतीन वर्षांनी वाचावे आणि शक्य असल्यास आपणही सोबतीने वाचावे. तोवर तिला लूना भेटू द्या. लूनाच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या चालत आलेला शाप तिच्यावर येणारे प्रत्येक संकट दूर लोटतो आणि ते जवळच्या माणसावर ढकलतो. सामान्य माणसाला काहीच दिसत नाही. अ‍ॅलेक्सला मात्र तिच्याभोवती तरंगणारे रुपेरी धुके दिसते. तो कॅम्डेनमधल्या आपल्या दुकानात तिच्याशी मोकळेपणाने गप्पा मारतो, पण ते धुके आपल्याला शिवणार नाही इतके अंतर राखून, आणि ती स्वतःही ते अंतर मोडत नाही.