थंड प्रदेशातील घराच्या खिडक्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हिवाळ्यात तापमान उणे १० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते अशा भागात आम्ही घर बांधत आहोत. जो तो विक्रेता आम्हाला ‘दुहेरी काच हवी की तिहेरी?’ एवढेच विचारतो. निर्णय घेताना नेमके काय पाहावे?

उत्तर : काचांची संख्या नंतर पाहू. आधी विक्रेत्याकडून संपूर्ण खिडकीचे यू-मूल्य लेखी मागून घ्यावे. आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असताना खिडकीच्या एक चौरस मीटर क्षेत्रातून किती वॉट उष्णता निसटते, हे त्या आकड्यावरून कळते. अर्थात आकडा जितका लहान तितकी खिडकी चांगली. ‘संपूर्ण खिडकीचे’ या शब्दांवर भर देण्याचे कारण असे की, माहितीपत्रकात पुष्कळदा केवळ काचेच्या मध्यभागाचे मूल्य ठळक छापलेले असते आणि चौकट व काचेच्या कडा यांतून होणारी गळती त्यात धरलेली नसते. काही उत्पादक ब्रिटिश एककांतील आकडा देतात. त्याला ५.६८ ने गुणल्यावरच तुलना करावी, नाहीतर ०.३० हा आकडा पाहून उगाच हुरळून जायला होते. प्रत्यक्षात ते यू-मूल्य १.७ असते.

आता काचांकडे वळू. एकेरी काचेचे यू-मूल्य सुमारे ५.७ असते, तर मध्ये हवेची पोकळी असलेल्या दोन साध्या काचांचे सुमारे २.८. त्याच दोन काचांपैकी एकीवर उष्णतेचे उत्सर्जन रोखणारा अतिशय पातळ, पारदर्शक लेप, म्हणजे ‘लो-ई’ लेप दिला आणि पोकळीत आर्गॉन वायू भरला की ते १.१ च्या आसपास येते. लेप नसलेल्या तीन काचा मात्र १.८ च्या जवळपासच राहतात. म्हणजे लेपाची दुहेरी काच साध्या तिहेरी काचेपेक्षा सरस ठरते, आणि नुसत्या संख्येवर विसंबणारा ग्राहक येथेच फसतो. याचे कारण असे की, पोकळीतून जाणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग हवेतून नव्हे, तर एका काचेकडून दुसरीकडे प्रारणाच्या रूपाने जातो. साध्या काचेची उत्सर्जकता, म्हणजे प्रारणाच्या रूपाने उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता, ०.८४ च्या आसपास असते. उत्तम लेपामुळे ती ०.०५ च्याही खाली येऊ शकते.

आर्गॉनचे काम त्या मानाने लहान, पण खरे आहे. हवेपेक्षा त्याची उष्णतावाहकता सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. पोकळीची रुंदी सुमारे १६ मिलिमीटर असावी. ती याहून वाढवली, तर आतला वायू वरखाली फिरू लागतो आणि वाढलेल्या जागेचा काही उपयोग होत नाही.

तिहेरी काच लेपासह घेतली, तर ०.७ किंवा त्याहून कमी मूल्य मिळते. आपल्या हवामानात आत २० अंश आणि बाहेर उणे १० अंश असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग शून्याच्याही थोडा खाली जातो. दोन साध्या काचांचा सुमारे ९ अंशांवर, लेपाच्या दुहेरी काचेचा १५-१६ अंशांवर आणि तिहेरीचा १७ अंशांवर राहतो. शेवटच्या दोहोंमधील फरक फारसा नाही. त्यामुळे हिवाळा फार लांबत नसेल, तर लेपाची दुहेरी काच घेऊन उरलेला पैसा चांगल्या चौकटीवर आणि नीट बसवणीवर खर्च करावा, असे माझे मत आहे. हिवाळा दीर्घ आणि कडक असेल, किंवा खिडकीजवळच पलंग वा टेबल येणार असेल, तर मात्र तिहेरी काच घ्यावी.

प्रश्न : चौकट कशाची घ्यावी? आणि सरकत्या खिडक्या चालतील का?

उत्तर : लाकूड आणि यूपीव्हीसी (एक कडक प्लास्टिक) या दोहोंतून उष्णता सावकाश जाते. लाकडाला रंगरोगणाची निगा लागते, यूपीव्हीसीला फारशी लागत नाही. अॅल्युमिनियम मजबूत आणि सडपातळ असले तरी ते उष्णतेचे उत्तम वाहक आहे. म्हणून आतला आणि बाहेरचा भाग पॉलिअमाइड या उष्णता कमी वाहणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीने वेगळा केलेलीच अॅल्युमिनियमची चौकट घ्यावी. दोन काचांना कडेने जोडणारी पट्टीही साध्या अॅल्युमिनियमची नसावी, कारण काचेच्या कडेला पाणी साचण्याचा आरंभ बहुधा तेथूनच होतो.

सरकत्या खिडक्या शक्यतो टाळाव्यात. झडप रुळावर सरकायची असल्याने तिच्याभोवती थोडी फट ठेवावीच लागते आणि केसाळ पट्टी ती पूर्ण बुजवू शकत नाही. बिजागरीची झडप बंद करताना चौकटीवरील रबरी पट्टीवर दाबून बसते, त्यामुळे वारा अडतो. बसवणाऱ्याकडून एवढे अवश्य करून घ्यावे की, चौकट आणि भिंत यांच्यामधील जागा फोमने पूर्ण भरली जाईल, आतल्या बाजूचा सांधा हवाबंद होईल आणि बाहेरच्या बाजूने पावसाचे पाणी आत शिरणार नाही. उत्तम खिडकी निष्काळजीपणे बसवली, तर कागदावरील यू-मूल्याला काही अर्थ उरत नाही.

प्रश्न : खिडकीवर पाणी धरते. खिडकी सदोष आहे का?

उत्तर : पाणी कोठे धरते, त्यावर ते अवलंबून आहे. दोन काचांच्या मध्ये धरत असेल, तर कडेचे सील तुटले आहे आणि तो काचसंच बदलावा लागेल. सकाळी काचेच्या बाहेरच्या बाजूला दव दिसत असेल, तर चिंता नको; घरातील उष्णता बाहेरच्या काचेपर्यंत पोहोचत नाही, याचीच ती खूण आहे. आतल्या बाजूला धरत असेल, तर काच थंड आहे किंवा घरात बाष्प फार आहे. २० अंशांच्या खोलीत सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर सुमारे ९ अंशांच्या पृष्ठभागावर दव पडू लागते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांतील बाष्प पंख्याने बाहेर काढावे. जाड पडदे काचेला चिकटून सोडले की खोलीची ऊब काचेपर्यंत पोहोचत नाही आणि पाणी अधिकच धरते.

प्रश्न : सर्व दिशांना एकच काच बसवावी का?

उत्तर : नको. काचेतून सूर्याची किती उष्णता आत येते, हे जी-मूल्य सांगते. उत्तर गोलार्धात हिवाळ्यातील सूर्य दक्षिणेकडे खालून जातो, म्हणून दक्षिणेच्या खिडक्यांसाठी जास्त, म्हणजे ०.५ च्या वरच्या जी-मूल्याची काच घ्यावी आणि उन्हाळ्यासाठी वर छज्जा काढावा. उत्तरेकडे ऊन जवळजवळ येतच नाही, तेव्हा तेथे खिडकी लहान ठेवून यू-मूल्याकडेच लक्ष द्यावे. पश्चिमेकडे उन्हाळ्याच्या दुपारचा त्रास होत असेल, तर कमी जी-मूल्य बरे.

प्रश्न : आमचे घर बरेच उंचावर आहे. काचसंच सखल भागातील कारखान्यातून येणार आहेत. काही काळजी घ्यावी लागेल का?

उत्तर : होय, आणि ती मागणी नोंदवतानाच घ्यावी लागेल. कारखान्यात बंद झालेल्या पोकळीत तेथील वायुदाब असतो. उंचीवर बाहेरचा दाब कमी झाल्याने काचा फुगतात, सीलवर ताण येतो आणि क्वचित काच तडकते. बसवण्याच्या ठिकाणाची समुद्रसपाटीपासूनची उंची उत्पादकाला लेखी कळवावी, म्हणजे तो दाब समतोल करणारी बारीक नळी काचसंचात घालू शकेल. नळी उघडी राहत असेल, तर आर्गॉन हळूहळू निघून जातो. अशा वेळी हवा भरलेल्या संचाचे यू-मूल्य गृहीत धरूनच निवड करावी.