देव न मानणं हाही एक धर्मच का?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा पुतण्या कॉलेजात आहे, वर्षभरापासून म्हणतो मी नास्तिक. ठीक आहे म्हटलं, ज्याचं त्याचं. पण आता दर रविवारी त्यांच्या ग्रुपची ऑनलाइन मीटिंग असते, ठरलेले वक्ते, ठरलेली पुस्तकं, आणि घरात कोणी देवाचं नाव काढलं की याचं लेक्चर सुरू. मी सहज बोलून गेलो, अरे मग हाही तुझा एक धर्मच झाला की. तर असा भडकला की दोन दिवस बोलला नाही. माझं काय चुकलं?

उत्तर : काका, समोरचा भडकला म्हणजे आपलं बरोबर, असं काही नसतं बरं का :) या मुद्द्यावर मी पुतण्याच्या बाजूची आहे. लेक्चरच्या बाबतीत मात्र तुमच्या.

मीटिंग, वक्ते, पुस्तकं, दुसऱ्याला पटवायची हौस, हे सगळं बुद्धिबळाच्या क्लबातही असतं, आणि नव्यानं पळायला लागलेल्या माणसाशेजारी तासभर बसून बघा, बूट कुठले घ्यायचे, गुडघ्याला काय होतं, पहाटे उठल्यानं आयुष्य कसं बदललं, तुम्हाला पळायला लावल्याशिवाय सोडत नाही. त्याला आपण पळण्याचा धर्म म्हणतो का? चेष्टेत म्हणतो, आणि तुम्हीही चेष्टेतच म्हणालात, फक्त पुतण्यानं ते सिरियसली घेतलं.

आता खरा मुद्दा. समजा तुम्हाला फोन आला की उद्यापासून तीन दिवस तुमच्याकडे एक पाहुणा येतोय आणि त्याच्याबद्दल एवढंच सांगितलं की तो नास्तिक आहे. तुम्हाला काय कळलं? तो काय खातो, लग्न कसं केलं, मूल झाल्यावर काय केलं, घरात कोणी गेलं तर काय करेल, मत कोणाला देतो, दानधर्म करतो की पक्का कंजूष आहे, काही म्हणजे काही कळलं नाही. एका प्रश्नाचं एक उत्तर कळलं, बास. तोच पाहुणा अमुक धर्म मनापासून पाळणारा आहे असं कळलं असतं तर निम्मी तयारी तुम्ही न विचारताच केली असती.

आणि गंमत बघा, उलट बाजूलाही तेच आहे. नुसतं 'देव आहे' म्हणणं हा तरी कुठे धर्म आहे? असे कितीतरी लोक भेटतात जे म्हणतात कोणीतरी शक्ती आहे बुवा, आणि त्यापलीकडे ना पोथी ना प्रार्थना. म्हणजे आस्तिकता हा धर्म नाही तशी नास्तिकताही नाही. दोन्ही एकाच प्रश्नाची उत्तरं. धर्म ही वेगळी वस्तू, त्यात आचार येतात, सण येतात, जन्ममृत्यूचे विधी येतात, कोण आपला कोण परका तेही येतं. आणि ती वस्तू देवाशिवायही उभी राहते, जैन धर्मात जग निर्माण करणारा ईश्वर नाही, बौद्ध धर्मातही नाही, आणि ते धर्म नाहीत असं कोणी म्हणत नाही. सांगायचं एवढंच की देव मानणं न मानणं हे एक माप आणि धर्म असणं नसणं हे दुसरं, आपण दोन्ही एकाच दोरीत ओवतो आणि मग वाद घालत बसतो.

आपल्या भाषेमुळे गोंधळ अजून वाढतो. 'धर्म' म्हणजे आपण कर्तव्यही म्हणतो, शेजारधर्म म्हणतो, जाळणं हा विस्तवाचा धर्म म्हणतो. त्या अर्थानं पुतण्यालाही धर्म आहेच. आणि 'नास्तिक' शब्दाची तर वेगळीच कथा. मनुस्मृतीत 'नास्तिको वेदनिन्दकः' असं आहे, म्हणजे वेदांची निंदा करतो तो नास्तिक, देवाचा तिथे उल्लेखच नाही. म्हणून तर निरीश्वर सांख्य आणि जगाला निर्माता लागतो हे न मानणारी मीमांसा, ही दोन्ही दर्शनं परंपरेत आस्तिक म्हणून मोजली जातात, कारण ती वेद मानतात. जुन्या हिशेबानं देव न मानणारा आस्तिक असू शकत होता! आज आपण शब्द तोच ठेवलाय आणि आतला माल बदललाय.

एक माणूस मात्र होता ज्यानं देव वगळून खरोखरचा धर्म बनवायला घेतला. ऑग्युस्त कोंत, एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच विचारवंत, समाजशास्त्राला नाव देणारा. त्यानं मानवतेचा धर्म काढला आणि तोही किती साग्रसंगीत बघा, १८४९ मध्ये स्वतःचं कॅलेंडर केलं, २८ दिवसांचे १३ महिने, महिन्यांना मोझेस, होमर, ॲरिस्टॉटल, आर्किमिडीज, शेक्सपिअर अशी नावं. १३ गुणिले २८ म्हणजे ३६४ झाले, एक दिवस उरला, तो सगळ्या मृतांच्या स्मरणाला दिला. जन्मापासून मृत्यूनंतरपर्यंत नऊ संस्कार, पुरोहित, आणि प्रमुख पुरोहित कोण? तर स्वतः कोंत! हक्स्ली नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं टोमणा मारला की हे म्हणजे ख्रिस्ती धर्म वजा केलेलं कॅथलिक प्रकरण आहे. मला यात हसण्यापेक्षा दुसरंच दिसतं. नास्तिकता आधीच धर्म असती तर या माणसाला एवढा खटाटोप करावा लागला असता का? कॅलेंडर, संस्कार, पुरोहित, सगळं बाहेरून आणून जोडावं लागलं.

तेव्हा काका, तुमचं वाक्य चुकलं, निरीक्षण नाही. पुतण्याला म्हणा, तुझा धर्म नाही हे मान्य, पण जेवताना प्रवचन बंद.

प्रश्न : अमेरिकेतल्या एका कोर्टानं नास्तिकता हा धर्म आहे असा निकाल दिलाय असं वाचलं. मग प्रश्न संपला ना?

उत्तर : नाही संपला, कारण निकाल अर्धाच सांगितला जातो. विस्कॉन्सिन राज्यातल्या एका तुरुंगात एका कैद्याला नास्तिक कैद्यांचा अभ्यासगट सुरू करायचा होता. धार्मिक गटांसाठी नियम वेगळे, बाकीच्यांसाठी वेगळे, आणि अधिकारी म्हणाले तुमचं धार्मिक नाही, सबब नामंजूर. तो कोर्टात गेला आणि २००५ मध्ये तिथल्या फेडरल अपील कोर्टानं म्हटलं की घटनेतल्या धर्मस्वातंत्र्याच्या कलमापुरती नास्तिकता धर्म समजायची. 'पुरती' हा शब्द महत्त्वाचा आहे. इतर धर्मांच्या कैद्यांना गट करू देता तर याला का नाही, एवढाच तो सवाल होता. त्या देशाच्या घटनेत संरक्षण 'धर्म' या शब्दाला आहे, मग संरक्षण द्यायचं तर त्याच छत्रीखाली घ्यावं लागतं. छत्रीखाली उभा राहिला म्हणून कोणी छत्री होत नाही.

मला दुसरी पद्धत जास्त साफ वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनं १९९३ मध्ये स्पष्ट केलं की विचार, सदसद्विवेक आणि धर्म यांच्या स्वातंत्र्यात ईश्वरवादी, निरीश्वर आणि नास्तिक मतंही येतात, आणि कुठलाच धर्म न मानण्याचा हक्कही येतो. झालं! कोणालाही ओढूनताणून धर्म म्हणायची गरजच उरली नाही. मुंबई हायकोर्टानंही २०१४ मध्ये सांगितलं की सरकार कोणावरही धर्म जाहीर करायची सक्ती करू शकत नाही, माझा कुठलाच धर्म नाही असं म्हणायचा हक्क माणसाला आहे. नास्तिक हा आमचा धर्म लिहून घ्या असा हट्ट काही जण फॉर्म भरताना करतात, त्यांना मी म्हणेन की तुम्ही स्वतःच काकांच्या हातात कोलीत देताय.

प्रश्न : मी स्वतः नास्तिक आहे, पण आमच्याच ग्रुपचा अनुभव वाईट आला. आईचे गुडघे गेलेत, तिला प्रार्थनेला जायचं होतं म्हणून मी सोबत गेलो, पायऱ्या चढताना हात धरला आणि आत तिच्याशेजारी बसलो. कोणीतरी फोटो पाहिला आणि ग्रुपवर माझी दोन दिवस चौकशी, मग बाहेर काढलं. आता म्हणतात माफी मागितली तर परत घेऊ. हा धर्म नाही तर काय आहे?

उत्तर : तुमचा राग कळतो आणि वाक्य हातात आयतं आलंय हेही कळतं, पण थांबा. हा धर्म नाही, ही टोळी आहे. बहिष्कार टाकायला देव लागत नाही आणि धर्मही लागत नाही, कुठल्याही पक्षात, संघटनेत, नाटकाच्या ग्रुपमध्येसुद्धा हे चालतं. इतिहासात याचं फार मोठं आणि भयंकर रूप झालंय, सोव्हिएत रशियात १९२५ पासून लढाऊ नास्तिकांची लीगच होती, सभासदत्व, वर्गणी, प्रचारपत्रकं सगळं काही, आणि अल्बेनियानं १९६७ मध्ये देशातली सगळी प्रार्थनास्थळं बंद करून स्वतःला जगातलं पहिलं नास्तिक राष्ट्र म्हणवून घेतलं. तिथे लोकांना त्रास झाला तो कोणी देव मानत नव्हतं म्हणून नाही, सत्ता ज्यांच्या हातात होती त्यांना दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याची झडती घ्यायची होती म्हणून. तुमच्या ग्रुपकडे सत्ता नाही, नशीब. झडतीची हौस तेवढी तीच आहे.

आणि नास्तिक असणं म्हणजे काय तर देव आहे असं तुम्हाला वाटत नाही. आईशेजारी तासभर बसल्यानं ते बदललं का? नाही ना? मग तुम्ही होतात तेवढेच नास्तिक आहात, ग्रुपवर असा नाहीतर नसा.

माफीचं म्हणाल तर एक करा, नेमकी कशाबद्दल माफी हवी आहे ते त्यांच्याकडून लेखी मागवा. त्यांनी लिहून दिलं तर मलाही पाठवा, वाचायला आवडेल. आणि पुढच्या वेळी आईला न्यायचं असेल तेव्हा जरा लवकर निघा, गुडघे दुखत असताना पायऱ्यांना वेळ लागतो.