वर्षानुवर्षांचा अल्सर चौदा दिवसांत बरा होतो का?

प्रश्न : मी धारूर तालुक्यातील ऊसतोड कामगार असून वय 46 आहे. दहा वर्षांपासून उपाशीपोटी व मध्यरात्रीनंतर पोटात आग पडते, भाकरीचे दोन घास खाल्ले की थांबते. अंबाजोगाईला दुर्बिणीच्या तपासणीत अल्सर आणि जंतू सापडले. चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, पण तोंड कडू पडले, जुलाब झाले आणि दुखणेही थांबले, म्हणून सहाव्या दिवशी बंद केल्या. आता पुन्हा दुखते. उरलेल्या गोळ्या घेऊ का? ठेचा सोडावा लागेल का? दिवाळीनंतर टोळीबरोबर जायचे आहे.

उत्तर : चौदा दिवसांच्या पूर्ण उपचाराने बहुधा बरा होतो, पण जखम भरायला आणखी काही आठवडे लागू शकतात; कारण हे उपचार केवळ आग शमवत नाहीत, तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या मूळ जंतूलाच मारतात. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी 1982 मध्ये हा जंतू प्रयोगशाळेत वाढवला. त्या शोधाला 2005 चे नोबेल मिळाले. त्यापूर्वी आपल्यासारखे रुग्ण आयुष्यभर पित्ताची औषधे घेत किंवा शस्त्रक्रियेला सामोरे जात.

हा जंतू जठराच्या चिकट अस्तरात दडतो. म्हणून दोन किंवा तीन प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारी गोळी एकत्र द्यावी लागते. आम्ल घटताच आग थांबते, आणि नेमकी तिथेच आपली फसगत झाली. अर्धवट मार बसलेल्या जंतूंपैकी औषधाला दाद न देणारे उरतात व वाढतात. त्यामुळे उरलेल्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. पाकीट घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा आणि सहाव्या दिवशी थांबलो हे स्पष्ट सांगा, म्हणजे ते बहुधा वेगळी औषधे निवडतील. कडवटपणा औषधाचाच असतो व नंतर जातो. जुलाब फार झाल्यास किंवा अंगावर पुरळ उठल्यास मात्र लगेच कळवावे.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू गेल्याची खात्री करावी लागते, आणि त्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळी बंद ठेवावी लागते. हा हिशेब दीड महिन्याचा होतो, म्हणून टोळी निघण्याची वाट न पाहता आजच सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

ठेच्याने अल्सर होत नाही. जळजळ वाढत असेल तर तेवढे दिवस टाळा. कोयता चालवून अंग दुखते म्हणून दुकानातून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र खरोखर अल्सर करतात, त्या सोडाव्यात. डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. या उपचारात कधी कधी दिल्या जाणाऱ्या बिस्मथच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती शंका डॉक्टरांनाच फेडू द्यावी.