विमानाचं लायसन्स आहे, तर ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) शिकणं सोपं जाईल का?

सुरुवात लवकर होते, पण सोपं नाही जात, पायांना तर पहिल्यापासून शिकावं लागतं. मी आधी इंजिनवालं विमानच उडवायचो, त्यावरून सांगतोय. ग्लायडरचे पंख लांब असतात, त्यामुळे स्टिक डावीकडे नेली की नाक आधी उजवीकडे पळतं आणि प्रत्येक वळणात रडर (पायाने चालणारं शेपटीचं सुकाणू) बरोबरीने द्यावाच लागतो, कॅनोपीवर, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर चिकटवलेला लोकरीचा दोरा वाकडा झाला की चूक लगेच दिसते. लँडिंगला गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न) नाही, उंचीचा हिशोब आधीच करायचा आणि एअरब्रेकने (पंखांवर उघडणाऱ्या पट्ट्यांनी) उतार कमीजास्त करायचा. पण मजा काय विचारू नका! सेस्ना १७२ इंजिन बंद करून १ किमी उंचीवरून साधारण ९ किमी जाईल, एएसके २१ सारखं ट्रेनिंग ग्लायडर शांत हवेत ३४ किमीच्या आसपास जातं, आणि थर्मल (वर चढणारी गरम हवा) सापडला की गोल फिरत फिरत इंजिनाशिवाय वर चढताना जे वाटतं ते वेगळंच. फक्त एरोटोला (दुसऱ्या विमानाने दोरीने ओढत वर नेण्याला) वेळ द्या, टो-विमानाच्या मागे सरळ राहणं अनुभवी पायलटलाही पहिल्या काही फ्लाइटमध्ये जमत नाही.