यिर्मया २९:११ च्या आधीचं वचन

बाळा, इंदूरात नोकरी लागेना म्हणून तू बायबलमधलं यिर्मया २९:११, म्हणजे देवाचे संकल्प तुमच्या हिताचेच आहेत हे वचन, आरशावर चिकटवलंस, छान. पण त्याआधीचं दहावं वचन वाचलंस का? ही वचनं यिर्मया संदेष्ट्याच्या पत्रातली. ते पत्र बाबेलातल्या (बॅबिलोनमधल्या) यहुदी बंदिवानांना होतं आणि परत येण्याची मुदत होती ७० वर्षांची! तोवर काय करायचं, तेही त्यातच आहे: घरं बांधा, मळे लावा, त्या शहराचं हित पाहा. मीसुद्धा पूर्वी वचन म्हणजे हुंडी समजायचे, दाखवली की पैसे. पण अब्राहामाचं बघ: देवाच्या वचनावर तो घरून निघाला ७५ व्या वर्षी, आणि वचनातला मुलगा इसहाक झाला त्याच्या १०० व्या वर्षी. मधे त्यानेही घाई केलीच, दासी हागारेपासून मूल होऊ दिलं; तिची गोष्ट वाच. तेव्हा सकाळी पोह्यांसाठी राजवाड्याकडे पळण्याआधी एक अख्खा अध्याय वाचत जा, सुटं वचन नको. आणि अर्ज भरणं थांबवू नकोस हं.