गावच्या विहिरीजवळ बोअर: कायदा कुठे उपयोगी पडतो

प्रश्न असा आहे की नळयोजनेच्या विहिरीपासून सुमारे 300 मीटरवर शेतात बोअरची गाडी येणार आहे, ग्रामपंचायतीला ती थांबवता येईल का. येईल, पण हालचाल आत्ताच करा. पाणी लागून मोटर बसली की ते बंद करणं फार कठीण जातं.

आधार आहे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 चा. तो 1993 च्या कायद्याच्या जागी आला. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर वा बोअर घेण्यावर बंधन आहे. हे अंतर सरळ रेषेत मोजायचं. रस्त्याने मोजलं तर आकडा फुगतो आणि अर्ज तिथेच पडतो.

आधी ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. त्यात विहिरीचा आणि नियोजित बोअरचा गट क्रमांक व अंतर लिहा. ठराव जोडून तहसीलदारांना अर्ज द्या, प्रत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातील वरिष्ठ भूवैज्ञानिकांना. दोन्हीकडे पोच घ्या, स्थळपाहणी आणि पंचनामा लेखी मागा. योजनेची विहीर सरकारी कागदावर पाणीपुरवठ्याचा स्रोत म्हणून नोंदलेली आहे का, हेही तपासा. बऱ्याच तक्रारी इथेच अडकतात.

अंतराइतकंच महत्त्वाचं आहे जमिनीखालचं पाणी. राज्याचा सुमारे 80 टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा. विहिरीला पाणी येतं ते वरच्या झिजलेल्या मुरुमातून आणि खडकाच्या भेगांतून. शेजारचा बोअर त्याच भेगांना लागला तर पाणी तिकडे ओढलं जातं आणि विहिरीची पातळी उतरते. दोन्ही वेगळ्या पाणलोटात असतील तर मात्र तुमचा मुद्दा कमकुवत होतो, म्हणून भूवैज्ञानिकांचं मत मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पुरावा म्हणून आजपासून रोज पहाटे, मोटर चालू होण्याआधी, काठापासून पाण्यापर्यंतची खोली मोजून वहीत तारखेसह लिहा. मोटर किती तास चालली आणि पाणी पुन्हा भरायला किती वेळ लागला, तेही. बोअर होऊन गेलाच तर आधीची आणि नंतरची पातळी शेजारी ठेवता आली पाहिजे. नुसतं ‘विहीर आटली’ लिहून काही होत नाही, पाऊस कमी होता असं उत्तर मिळतं.

खोलीही विचारा. कायद्यात 60 मीटरपेक्षा जास्त म्हणजे खोल विहीर, आणि तिच्यावर निर्बंध आहेत. गाडीवाले फुटांत बोलतात, तेव्हा 197 फूट हा आकडा लक्षात ठेवा. 400 फुटांचा सौदा झाला असेल तर ते अर्जात लिहा. बोअरच्या गाडीलाही नोंदणी लागते, ती दाखवायला सांगा.

उन्हाळ्यापर्यंत निकाल लागला नाही तर टंचाई आराखड्यात गाव घालून घ्या. आराखडा ऑक्टोबर ते जून असा तीन तिमाहींचा असतो. जिल्हाधिकाऱ्यांनी टंचाई क्षेत्र जाहीर केलं की स्रोताभोवतालच्या विहिरींचा उपसाही नियंत्रित करता येतो, आणि खासगी विहीर पिण्यासाठी अधिग्रहित करता येते. शेतकऱ्याला मोबदला मिळतो हे त्याला आधीच सांगा, म्हणजे निम्मं भांडण मिटतं.