'दोन सुती पाना': माप नेमके कोणाचे?

आजोबांच्या हत्यारांच्या पेटीत सापडलेल्या एका पान्याविषयी एका वाचकांनी विचारले आहे. पाना वीतभर लांबीचा, घडीव पोलादाचा आणि दोन्ही तोंडांनी उघडा आहे. एका तोंडापाशी '३/१६ डब्ल्यू' आणि त्याखाली '१/४ बीएस', तर दुसऱ्यापाशी '१/४ डब्ल्यू' आणि त्याखाली '५/१६ बीएस' असे रोमन अक्षरांचे ठसे आहेत. ओळखीच्या मिस्त्रींनी तो हातात घेताच 'हा दोन सुती पाना' असे सांगितले. परंतु दोन सूत म्हणजे पाव इंच, म्हणजे जेमतेम ६.३५ मिलिमीटर, आणि व्हर्नियर (बारीक मापे घेण्याची सरकती पट्टी) लावून पाहिले तर एक तोंड ११.३ आणि दुसरे १३.३ मिलिमीटर भरते. तेव्हा मिस्त्रींचा शब्द चुकला का, हा पाना कशासाठी होता, आणि 'पाना' लिहावे की 'पान्हा', असे तीन प्रश्न आहेत.

मिस्त्रींचा शब्द बरोबर आहे. कपड्यांच्या दुकानात आपण 'दोन वर्षांचा फ्रॉक दाखवा' म्हणतो, तेव्हा फ्रॉक दोन वर्षांचा जुना असावा अशी कोणाची अपेक्षा नसते. वय मुलीचे असते आणि ते फ्रॉकला चिकटते. 'दोन सुती पाना' या प्रयोगात हेच घडले आहे. दोन सूत ही बोल्टच्या दांड्याची जाडी आहे, आणि तिच्या नटाला जो पाना बसतो तो 'दोन सुती बोल्टचा पाना'. मधला 'बोल्टचा' हा शब्द कारखान्यातल्या घाईत गळून पडला. 'तीन सुती सळई' म्हणताना मात्र माप सळईचे स्वतःचेच असते, त्यामुळे वरवर सारखे दिसणारे हे दोन प्रयोग आतून अगदी वेगळे आहेत आणि प्रश्नकर्त्यांचा गोंधळ स्वाभाविक आहे.

माप सांगण्याची ही पद्धत मराठी मिस्त्रींनी काढलेली नाही. ती त्या ठशांतूनच आली आहे. 'डब्ल्यू' हे व्हिटवर्थ या आडनावाचे आद्याक्षर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधला प्रत्येक कारखाना आपापल्या मापाचे आटे (बोल्टच्या दांड्यावरच्या पेचदार खाचा) पाडत असे आणि एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. मँचेस्टरचे यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा करून त्यांच्या मापांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये सर्वांसाठी एकच प्रमाण सुचवले: आट्याचा कोन ५५ अंश, आणि दांड्याच्या प्रत्येक जाडीला इंचात किती आटे असावेत तेही ठरलेले. पाव इंची बोल्टला इंचात २० आटे, हे त्यातले एक. पुढे या पद्धतीत नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतरही दांड्याच्या जाडीवरून ठरून गेले. पाव इंची बोल्टसाठी ते ०.५२५ इंच, म्हणजे आपण मोजलेले १३.३ मिलिमीटर. जाडी कळली की नट कळतो, नट कळला की पाना कळतो, तेव्हा पान्यावर बोल्टचीच जाडी ठोकली गेली.

मिलिमीटरच्या पान्यांवर मात्र तोंडाचे स्वतःचे माप असते. त्यामुळे आजच्या गॅरेजमध्ये शिकाऊ पोराला दोन आकडे पाठ करावे लागतात: सहाच्या बोल्टला दहाचा पाना, आठच्या बोल्टला तेराचा पाना. 'दहा-अकराचा दे', 'बारा-तेराचा दे' असे म्हटले की तो पान्याच्या दोन तोंडांविषयी बोलत असतो. 'चा' लावून सांगितलेले माप तोंडाचे आणि 'सुती' म्हणून सांगितलेले माप बोल्टचे, असा भेद बोलणाऱ्यांच्या मनात बहुधा नसेल, पण व्यवहारात तो नेमका पाळला जातो, आणि मला त्याचे फार कौतुक वाटते.

आता प्रश्नकर्त्यांनी विचारली नाही, पण विचारायला हवी होती अशी एक गोष्ट. त्यांच्या पान्यावर १/४ हा आकडा दोन्ही तोंडांवर आहे आणि तोंडे मात्र वेगळी आहेत. मग दोन सुती बाजू कोणती? 'बीएस' म्हणजे 'ब्रिटिश स्टँडर्ड फाइन', अर्थात बारीक आट्यांची मालिका; ती १९०८ मध्ये आली आणि तिच्या पाव इंची बोल्टला इंचात २६ आटे असतात. या मालिकेतले नट आणि बोल्टची डोकी एका मापाने लहान ठेवली गेली, म्हणून व्हिटवर्थच्या पाव इंची, म्हणजे दोन सुती नटाला जे तोंड बसते तेच बारीक आट्यांच्या अडीच सुती नटाला बसते. दुसरे तोंड व्हिटवर्थच्या दीड सुती नटाचे आणि बारीक आट्यांच्या दोन सुती नटाचे. एवढ्यावर भागले नाही. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी व्हिटवर्थ बोल्टची डोकीही त्याच लहान मापावर आणली गेली. म्हणजे नंतरच्या काळातला दोन सुती व्हिटवर्थ बोल्ट सोडवायचा तर '१/४ डब्ल्यू' असा ठसा असलेले तोंड त्यावर सैल फिरते आणि पलीकडचे ११.३ चे तोंड चपखल बसते. जुन्या मिस्त्रींना हे ठाऊक असते. ते ठसा न वाचता पाना नटावर टेकवून पाहतात. आपला पाना दोन्ही बाजूंनी दोन सुती आहे, हे मिस्त्रींच्या उद्गारातले तथ्य त्यामुळे आपोआप उजळते.

'सूत' या शब्दाविषयी थोडे. संस्कृत 'सूत्र'पासून आलेला हा शब्द धागा, गवंड्याची रेषा धरण्याची दोरी आणि इंचाचा आठवा भाग अशा तिन्ही अर्थांनी मराठीत नांदतो. 'सुतार' हा शब्दही 'सूत्रधार'वरूनच आला आहे. वजनमापांच्या १९५६ च्या कायद्याने देशात दशमान पद्धत आणली तरी सळई, प्लाय आणि नळकाम यांच्या बोलण्यातून सूत गेलेले नाही. बारा मिलिमीटरची सळई आजही 'चार सुती' म्हणून उतरवली जाते. इंग्रजीत बोल्टच्या आट्यांनाही 'धागा' याच अर्थाचा शब्द आहे, म्हणून 'सुती' म्हणजे आट्यांचा असे कोणी सुचवील. तो सुतावरून स्वर्ग गाठण्याचा प्रकार होईल. आट्यांना मराठीत 'आटे' हा स्वतंत्र आणि जिवंत शब्द आहे.

हा पाना कोणत्या एकाच यंत्राचा, असे सांगता येत नाही, कारण तो सर्वसाधारण वापराचा आहे: ब्रिटिश धाटणीचे लेथ, शेतावरची जुनी ऑइल इंजिने, मोटारसायकली. १९५५ पासून मद्रासला जुळणी होऊ लागलेली बुलेट मूळची इंग्लंडच्या घडणीची, त्यामुळे तिच्या जुन्या गाड्यांवर ही मापे भेटतात. अशा नटावर तेराचा पाना चढतच नाही आणि चौदाचा चढतो तो पाऊण मिलिमीटरभर सैल. माझ्या हातून एका जुन्या लेथच्या नटाचे सहाही कोपरे चौदाच्या पान्याने असे झिजले की शेवटी तो छिन्नीने तोडावा लागला. व्हिटवर्थचा पाना त्याच खणात, गंजलेला म्हणून बाजूला टाकलेला होता. अर्ध्या इंचाचा अमेरिकी धर्तीचा पानाही उपयोगाचा नाही: त्यावरचे माप तोंडाचे असते आणि ते १२.७ मिलिमीटर भरते. म्हणून नुसते 'इंची पाना' म्हणणे अपुरे आहे, 'व्हिटवर्थचा' हा शब्द जोडायला हवा.

राहिला लेखनाचा प्रश्न. 'पाना' लिहावे. 'पान्हा' हा शब्द 'प्रस्नव'पासून आलेला, आईच्या किंवा गाईच्या दुधाचा. तो फुटतो, त्याने नट फिरत नाही. गोंधळ बहुधा सामान्यरूपामुळे होतो. 'पाना'चे 'पान्याने, पान्याला' होते, आणि त्यातला 'न्या' ऐकून मूळ शब्दात 'न्हा' असावा असे वाटते. अनेकवचनात आणखी एक गंमत आहे: पाना आणि झाडाचे पान या दोहोंचे लेखी अनेकवचन 'पाने' असेच होते, पण बोलताना झाडाची 'पानं' होतात आणि हत्यारे 'पाने'च राहतात. पुल्लिंगी एकारान्त अनेकवचनाचा अनुस्वार होत नाही, हा नियम व्याकरण न शिकलेला हेल्परसुद्धा चुकवत नाही.

जुन्या बाजारात याचा जोडीदार शोधायचा असेल तर 'व्हिटवर्थचा, दीड आणि दोन सुती' असे सांगावे आणि ११.३ व १३.३ मिलिमीटर ही मापे सोबत ठेवावीत. आणि घरात कॅमेऱ्याची तिकाटी असेल तर तिच्या माथ्यावरचा स्क्रू पाहावा: दोन सूत जाडीचा, इंचात २० आट्यांचा. कोन आता ६० अंशांचा झाला आहे. जाडी आणि आट्यांची संख्या अजून व्हिटवर्थचीच आहे.